पडवीतल्या बायकांचा फेर

वरची वाडी, ता. पोलादपूर
मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार

काशे,

मी थोरली जाऊ, तेव्हा आशीर्वाद माझ्याकडून. तू उचलणार नायस म्हणून दाराशी ठेवलाय. जाता-येता पायाला लागेल तेव्हा बघ.

अक्काने फोन का नाय केला, असं तुझी सून विचारेल. केला होता. दोन वेळा केला. दोन्ही वेळेला माझा आवाज ओळखलास आणि "हॅलो, हॅलो, रेंज नाय" करून ठेवलास. विरारला रेंज नाय आणि आमच्या डोंगरात हाय, हे नवलच. पत्राला रेंज लागत नाय. तू दुसरीतून शाळा सोडलीस, जोडाक्षर दिसलं की पळायचीस, म्हणजे हे सारिकालाच वाचून दाखवायला लागणार. सारिका, बाय, मोठ्याने वाच. सासू उठून मोरीत गेली तर मोरीच्या दाराशी उभी राहून वाच.

आता कामाचं सांगते. महाडच्या अलीकडे हायवेला विद्यापीठाचं केंद्र झालंय. तू गेलीस तेव्हा तिथे नुसता मुरूम टाकलेला होता. आता तीन मजले आणि दाराशी वॉचमन. तिथली एक मॅडम सोमवारी वाडीत आली. शर्मिला नाव, महाडचीच, मराठी शिकवते. चढ चढून तोंड लाल झालेलं, पण पाणी मागायच्या आधी माझं नाव विचारलान. मला वाटलं जनगणनेवाली. मी बोलले, माणूस एक, चूल एक, मांजर मोजायचं असेल तर ते शेजाऱ्याचं हाय.

ती हसली आणि रंगीत कागद काढलान. माघात त्यांचा उत्सव हाय, तीन दिवस. मी ओटीवर बसून सगळा वाचला. पहिल्या दिवशी पोरांनी काढलेल्या चित्रांचं प्रदर्शन आणि दरडींवर व्याख्यान. दरड कशी येते ते पोलादपूरच्या माणसाला पंख्याखाली बसवून सांगणार हायत. दुसऱ्या दिवशी परिसंवाद. ते काय असतं म्हणून विचारलं, तर बोलली, चार जण एकाच विषयावर बोलतात. मी बोलले, मग ते आमच्या नळावर रोज असतं, आभार मानायला तेवढं कोण नसतं. मग शिवथरच्या घळीला पोरांची सहल, एकांकिका, बचतगटांचे पापड, डोळे तपासणी फुकट. आणि तिसऱ्या दिवशी, शनिवारी, ७ फेब्रुवारीला दुपारी, लोकगीतांचा मेळा. त्यात एक रांग मोकळी सोडलेली. तिथे बोट ठेवून मॅडम बोलली, "इथे तुमच्या वाडीचा गौरीचा फेर."

तिला कुणीतरी सांगितलेलं की आपला फेर सवालजवाबाचा हाय. मी तिला सगळं समजावून दिलं. एक बाजू पुसते, दुसरी सांगते. पुसायचं ते आजेसासूच्या वेळेपासून ठरलेलं, त्यातला शब्द हलवायचा नाय. सांगायचं ते मात्र त्या त्या वर्षाचं, उभ्या उभ्या जुळवायचं. गवरबाय वाटेत काय देखलंस पुसलं की त्या साली जे काय झालं असेल ते गाण्यात यायचं. कुणाची म्हैस कड्यावरून गेली, कुणाची सून पळाली, सरपंचाने रस्त्याच्या कुठल्या मोरीचे पैसे खाल्ले. तिने विचारलं, "आणि हे जुळवतं कोण?"

मी बोलले, माझी धाकटी जाऊ, काशीबाय. मी पुसायची आणि ती जुळवायची.

"मग त्या कुठे असतात?"

विरारला, बोलले. रेंज नाय.

तर ७ तारखेला तू यायचंस. मॅडमसाठी. बिचारी तेवढा चढ चढून आली. माझं काय नाय. मला कंटाळाच येतो आताशा. एका माणसाचा भात शिजवायचा पण कंटाळा येतो; टोप मोठा, भात तळाला दिसत नाय.

सारिका, संपलं. सासूला मोरीतून बाहेर काढ.

अक्का

१८ डिसेंबर

काशे,

तुझं उत्तर नाय. मी पोस्टमनला विचारलं, तो बोलला, मुंबईवरून आताशा फक्त लग्नाच्या पत्रिका येतात. बरं.

इकडे मोठी गंमत झाली, ती तुला सांगायला माझ्याकडे दुसरं कोण नाय. मॅडमने दर्शनाला गाठलं. दर्शना म्हणजे खालच्या आळीतली, बचतगटाची अध्यक्ष, नवरा बिरवाडीला कंपनीत हाय. तू होतीस तेव्हा नवी नवरी होती, आता तिला ओळखणार नायस, नुसती फायलीच घेऊन फिरते. विद्यापीठात जायचं म्हटल्यावर सगळ्या सवाष्णी नाचायला लागल्या. एक रंगाच्या साड्या घ्यायच्या, त्यावरून दोन दिवस भांडण. एकीला पिवळी पायजे, एकीला पिवळ्यात काळी दिसते. मी लांबून ऐकत होते. मला कोणी रंग विचारला नाय. मॅडमने तर कागदावर छापून पण टाकलान: "सुवासिनींचा गौरीफेर, वरची वाडी." ती मोकळी रांग भरली.

आणि मग चंद्राबाई बोलली. चंद्राबाई तुला ठाव हाय, कानाने ठार बहिरी, पण जे बोलायचं ते नेमकं बोलते. ती नळावर हंडा लावून उभी होती. ती बोलली, "माघात कसली गवर गो?"

सगळ्यांचे चेहरे बघायला पायजे होतेस. गवर पाण्यात सोडली की तिचं गाणं बंद, ते पुढच्या भादव्यापर्यंत, हे कुणाला ठाव नव्हतं असं नाय. साडीच्या नादात विसरल्या होत्या. अवेळी गाणं म्हटलं तर गवरीला वाटतं आपल्याला बोलावलं. ती येते. येऊन बघते तर पाट नाय, तेरडा नाय, निवद नाय. मग रिकामी कशी जाणार, घरधन्याला घेऊन जाते. लगेच एकीला आठवलं की तिच्या आत्तेसासूने चैतात भाकऱ्या थापताना गाणं गुणगुणलं आणि महिन्याच्या आत नवरा फणसावरून पडला. मी बोलले, तो फणसावरून आठवड्याच्या आठवड्याला पडायचा, गुत्त्यावरून थेट झाडावर जायचा. पण कोण हसलं नाय. दर्शनाने फाईल मिटलान.

मॅडम परत आली तेव्हा तिला कोणी नीट सांगेना. पोरीची परीक्षा हाय, गुडघा धरलाय, नवरा नको बोलतो. शेवटी मीच तिला ओटीवर बसवून खरं काय ते सांगितलं. ती बोलली, "आमच्या घरात गौर बसत नाही, आजी. आम्ही तळ्यावरचे. ही भीती मला माहीतच नव्हती." चवदार तळ्याजवळ तिच्या आजीचं घर हाय, दर मार्चला त्यांच्या अंगणात परगावची माणसं जेवायला बसतात, ते पण सांगितलान. तिच्या अंगावर ती भीती नव्हती ते बघून मला जरा गार वाटलं. उन्हातून आल्यावर वाटतं तसं.

तरी तिचं तोंड उतरलं. कागद छापून झालाय. आता त्या जागी कॉलेजच्या पोरी नऊवारी नेसून स्पीकरच्या गाण्यावर नाचणार, असं कुणी साहेब बोललेत. पोरींना काय, त्यांचा नवरा अजून व्हायचाय.

म्हणजे तुला यायला नको. सुटलीस. चहा पी.

अक्का

किंक्रांत

काशे,

काल संक्रांत झाली. वाडीतल्या सगळ्या बायका दर्शनाच्या घरी हळदीकुंकवाला गेल्या, यंदा वाण म्हणून स्टीलचं गाळणं दिलान. माझं गाळणं फाटलंय, पण मला कोण देणार. मी पडवीत बसून त्यांना जाताना बघितलं, येताना बघितलं. येताना सगळ्यांच्या हातात गाळणं. नदीला मासे धरायला चालल्यासारख्या दिसत होत्या.

तिथे बसल्या बसल्या एक गोष्ट डोक्यात आली आणि मी एकटीच हसले. मांजर उठून गेलं.

हे नीट ऐक. सारिका, इथे जरा हळू वाच.

गवरीपुढे विधवेने फेर धरायचा नाय. का, तर गवर माहेरवाशीण, सवाष्ण, तिच्यापुढे मोकळं कपाळ नको. बरं. आणि गवर नसताना सवाष्णीने गाणं म्हणायचं नाय. का, तर कुंकवावर येतं. बरं. आता माघात गवर नाय. म्हणजे आपल्याला बंदी घालायला ती जाग्यावर नाय. आणि समज आपण गायलो आणि ती आली, रागावली, घरधन्याला घेऊन जायचं ठरवलान, तर आपल्याकडे काय शोधणार? माझा गेला. तुझा गेला. चंद्राबाईचा तर ब्रिटिशांच्या काळात गेला असावा. डबे उघडून बघू दे, रिकामे हायत.

म्हणजे अख्ख्या वाडीत माघात गौरीचा फेर धरू शकतात त्या फक्त आपण.

मी दुसऱ्या दिवशीची वाट बघितली नाय, तसंच मॅडमला फोन करून सांगितलं. ती पलीकडे बराच वेळ बोलली नाय. मला वाटलं तिची पण रेंज गेली. मग बोलली, "आजी, नक्की ना? तुमच्यावर वाडीत कोणी बोलणार नाही ना?" मी बोलले, बोलतील की, तेवढंच कोणीतरी बोलेल.

चंद्राबाई तयार हाय. तिला मी कानात ओरडून सांगितलं, ते सगळ्या वाडीने ऐकलं. खालच्या वाडीतल्या दोघी विधवा तयार हायत. पुसणारी बाजू भरली. सांगणारी बाजू मोकळी हाय.

काशे, आता सुनेला जरा बाहेर पाठव. नाय, नको, वाचणार कोण मग. सारिका, तू वाच, पण हे तू ऐकलं नायस.

ह्यांचं वर्ष झालं नव्हतं, तेव्हाची गवर. मी साडी नेसून, केस विंचरून तयार होते. कुंकू नव्हतं, तरी मला वाटलं पुसायचं तर मलाच येतं, माझ्याशिवाय फेर उठणार कसा. मी माजघराच्या उंबऱ्यात आले आणि तू सगळ्या बायकांसमोर बोललीस, "अक्का, तू यंदा पडवीत बस." यंदा बोललीस. ते यंदा अजून संपलं नाय. पुसायला तू तुझ्या चुलत नणंदेला उभी केलीस, आणि ती दर सवालाला अडखळली. मी पडवीतून तिला शब्द पुरवले. भिंतीआडून. ते तरी तुला ठाव हाय का?

त्यानंतर तू गावातली भांडी बांधून पोराकडे गेलीस. टेम्पो खाली उभा होता, मी वरून बघितला. तू चढाकडे बघितलं नायस. मग भावोजींच्या दहाव्याला मी तुझ्याकडे आले, चार बायकांत बसले, तू मान वर केली नायस. मला वाटतं तेव्हा तुला पण कोणीतरी पडवीत बसवायला निघालं होतं, पण तुमच्या ब्लॉकला पडवी नाय, म्हणून तू किचनच्या फरशीवर होतीस.

मी मॅडमसाठी ये असं लिहिलं होतं. मॅडमचं काय नाय, ती पोरी नाचवून मोकळी होईल. मला पुन्हा एकदा उभं राह्यचंय, आणि समोर तू पायजेस. दुसरी कोण आली तर ती ठरलेलं म्हणेल. तू काय म्हणशील ते मला माहीत नसतं. तेवढ्यासाठी पुसायला मजा येते.

शनिवार हाय. सारिकाला सुट्टी असेल.

अक्का

१ फेब्रुवारी

काशे,

पनवेलवरून पोलादपूरची यष्टी पकडायची. महाडच्या स्टँडला उतरायचं नाय, तिथून रिक्षावाला तुला बघून भाडं ठरवेल. कंडक्टरला विद्यापीठाचा फाटा सांगायचं. वॉचमन नाव विचारेल. काशीबाय सांग, त्याच्या कागदावर तुझं नाव मी घालून घेतलंय.

आम्ही रोज दुपारी माझ्या ओटीवर पाय फिरवतो. गाणं तोंडाने म्हणत नाय, ते तिथेच. दर्शनाने पोरं आत बोलावून दार लावून घेतलान, आम्ही नुसते पाय आपटतो तरी. गुडघा माझा कुरकुरतो, चंद्राबाईचा ऐकू येत नाय असं ती म्हणते. फेर अर्धा होतो आणि आम्ही आपल्या तुझ्या बाजूला जाऊन आदळतो, मध्ये कोणीच नसतं ना.

मॅडम विचारत होती, त्या आल्या नाहीत तर जवाब कोण म्हणणार, मी लिहून देऊ का विद्यार्थिनीला? मी नाय बोलले. पुसणारीने सांगायचं नाय आणि सांगणारीचं दुसऱ्याने म्हणायचं नाय. मग ती बोलली, "मग काय करणार आजी?"

मी बोलले, येईल ती.

थकले गो. हे पत्र पोचेल ना वेळेवर?

अक्का

८ फेब्रुवारी, रविवार

काशे,

तू आली नायस. ते तुला ठावच हाय, पण लिहायला कुठून तरी सुरुवात करायची.

काय झालं ते सांगते, म्हणजे पुढे कोण तिखटमीठ लावून सांगेल त्याच्या आधी तुझ्याकडे खरं पोचेल.

विद्यापीठाने गाडी पाठवलान. चौघी बसलो, चंद्राबाई खिडकीशी. गाडी वाडीतून निघाली तेव्हा सवाष्णी दारात उभ्या होत्या. एकीने कपाळाला हात लावून बघितलान, कुंकू हाय ना म्हणून.

तिथे मांडव मोठा. पापडांचे स्टॉल, भिंतीवर पोरांची चित्रं. एकाने माझ्यासारखी म्हातारी काढलेली, सुरकुत्या जास्त आणि डोळ्यांत पाणी. मी त्या पोराला विचारलं, ही रडते कशाला? तो बोलला, आजी, ती ग्रामीण स्त्री आहे. मी बोलले, मग तिला जरा चहा दे. फुकट डोळे तपासून घेतले. उजव्यात मोतीबिंदू. डाव्याने लिहितेय.

आमचा नंबर लागला. सूत्रसंचालन करणारी पोरगी, सेजल नाव, लहानखुरी, छापलेला कागद घेऊन वाचते: "आता वरच्या वाडीच्या सुवासिनी सादर करत आहेत..." आणि वर बघते तर आम्ही. चार पांढरी कपाळं. पोरीचा आवाजच गेला. पुढच्या रांगेत साहेब लोक, त्यांनी पण मान खाली घातली. मॅडम बाजूने धावत निघाली. मला त्या पोरीची दया आली. मी माइक धरला आणि बोलले, "बाय, तुझं चुकलं नाय. सवाष्णी घरी हायत, त्यांना नवरे सांभाळायचे हायत. आम्ही मोकळ्या हाव, म्हणून आम्ही आलो."

आधी कोणी हसलं नाय. मग मागे, जिथे गावाकडच्या बायका बसल्या होत्या, तिथून हसू आलं आणि पुढे पुढे येत साहेबांपर्यंत आलं. मग मी त्यांना सांगितलं, हे गाणं दोन बाजूंचं हाय, आमची एक बाजू मुंबईला असते, तेव्हा तिच्या वेळेला आम्ही थांबू. तुम्ही पण थांबा.

आणि पुसलं. पाय उचलला तेव्हा गुडघा कुरकुरला नाय, खरं सांगते.

येताना गवरबाय काय काय देखलंस?

आणि थांबले. तुझ्या कडव्याएवढा फेर घेतला, पाय आपटत, तोंड बंद. समोर तुझी जागा. लोकांना आधी वाटलं मी विसरले. एकाने टाळ्या सुरू केल्या, मला धीर द्यायला. मी हाताने गप केला. दुसरा सवाल पुसला, थांबले. तिसऱ्याला मांडवात एवढं शांत झालं की आमच्या पायांचं ऐकू येत होतं, आणि पापड तळायच्या कढईचं. पुढच्या रांगेतला एक साहेब मान पुढे काढून त्या मोकळ्या जागेकडे बघत होता, कोणी येतंय का म्हणून.

शेवटचा सवाल तुला ठाव हाय. तो पुसताना माझा आवाज फाटला. वय झालं.

जाताना गवरबाय कुणाला पुसून गेलीस?

पुसून जाणं म्हणजे निरोप घेऊन जाणं, हे मॅडमने नंतर पोरांना सांगितलान. मी शेवटचा फेर पुरा केला आणि आम्ही खाली उतरलो. टाळ्या झाल्या. मॅडमने एक पोरगा लावून सगळं मोबाइलवर काढून घेतलंय, विद्यापीठाच्या पानावर लावणार बोलली. मी बोलले, मोकळी जागा कापू नका. ती बोलली, "नाही कापणार, आजी."

शाल दिली, नारळ दिला. गाडीने परत सोडलं. घरी आले, नारळ कोनाड्यात ठेवला, भात लावला नाय. पाण्याबरोबर चपाती खाल्ली आणि आडवी झाले.

हे शेवटचं पत्र. राग नाय गो. राग करायला पण उठून बसायला लागतं.

अक्का

महाशिवरात्र झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी

काशे,

शेवटचं म्हटलं होतं ते जाऊ दे. शिवरात्रीचा उपास माणूस सोडतोच ना.

काल संध्याकाळी दर्शना धावत वर आली. मोबाइल हातात, तोंड पडलेलं. मला वाटलं कोण गेलं. बोलली, "अक्का, विरारवरून सारिकाने पाठवलंय, तुम्हाला ऐकवायला सांगितलंय. पण गवरीचं हाय. मी लावून देते आणि बाहेर जाते." बटण दाबलान, मोबाइल माझ्या मांडीवर ठेवलान आणि अंगणात जाऊन उभी राहिली. दोन्ही कानांवर हात. वर पदराने कपाळ झाकून घेतलेलं.

आधी माझाच आवाज आला, मांडवातला, भांड्यातून आल्यासारखा. येताना गवरबाय काय काय देखलंस. म्हणजे तुमच्या घरी ते विद्यापीठाचं पान लावलं होतं. मी पुसून थांबले, पायांचा आवाज आला, आणि त्याच्यावरून तू. मागे कुकरची शिट्टी. सारिका कुजबुजते, "आई, मोठ्याने." आणि तू म्हणतेस, गॅस बंद कर आधी.

सारिका, पोरी, माझा आशीर्वाद तुला. हा दाराशी ठेवलेला नाय, हातात दिलाय.

पहिला जवाब ऐकला, विरारचं पाणी, टँकर, लिफ्ट बंद. वाईट नाय. दुसऱ्याला तुझा सूर खाली गेला. तिसऱ्यात तर तू यमक सोडूनच दिलंस, मी असते तर फेरातून चिमटा काढला असता. बाहेर दर्शनाला हसू आलेलं मी बघितलं, म्हणजे कानावरचे हात सैल होते. तिच्या नवऱ्याला काय झालं तर मी जबाबदार नाय.

मग मी शेवटचं पुसलं. मोबाइलमध्ये माझा आवाज फाटला आणि पाय वाजायला लागले. तू काय बोलेनास. अर्धा फेर गेला. मला वाटलं ह्या वेळेला पण रेंज गेली. मग तू म्हटलंस:

पडवीत बसली ती जाऊ माझी थोरली,
तिला पुसायला तोंड नव्हतं गो, तोंड नव्हतं.
भिंतीआडून तिनं शबूद पुरवले,
ते मला ऐकू येत होतं.

मी दर्शनाला हाक मारून ते परत लावायला सांगितलं. तिने परत लावलान आणि ह्या वेळेला बाहेर गेली नाय. दाराशी टेकून उभी राहिली. संपल्यावर बोलली, "अक्का, काशीकाकी येणार हायत का?" मी बोलले, तिला विचार, मला ती पत्र लिहीत नाय.

तुला ऐकू येत होतं तर. एवढी वर्षं मला वाटत होतं, मी भिंतीला शिकवतेय.

आता ऐक. तिसरा जवाब तुझा चुकलाय, तो तसाच त्या पानावर राहिला तर वाडीची अब्रू जाईल. मॅडम बोललीय, पुढच्या महिन्यात तळ्यावरचा कार्यक्रम आटोपला की ती मशीन घेऊन वर येते, दोन्ही बाजू नीट भरून घ्यायला. शिमग्याची पालखी फिरून गेली की ये. तुझ्या खोलीचं कुलूप मी तेल घालून ठेवलंय. ते कालच घातलेलं नाय, पण तो विषय नको. यंदा अधिक महिना हाय, म्हणजे गवर महिनाभर उशिरा येणार, आपल्याला महिना जास्त मिळतो. त्या आधीच ये काशे. तेरडा उगवला आणि ती पाटावर येऊन बसली की आपल्या दोघींना पुन्हा पडवीत जायला लागेल. तोवर माजघर मोकळं हाय.

तुझी
अक्का